शटर अर्धं खाली, तोंड पूर्ण बंद

बोर्ड गेमच्या दुकानात काम करतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘मग तुम्ही स्वतः काय खेळता हो?’ गेले काही महिने आमचं उत्तर एकच आहे. ज्या खेळात बोलायला बंदी आहे, ते!

कारण सरळ आहे. सकाळी अकरापासून रात्री नऊपर्यंत आमचं तोंड चालू असतं. ‘काकू, हा नको, तो घ्या, सहा वर्षांच्या मुलाला तोच जमेल.’ ‘दादा, कॅटनला निदान तिघं लागतात, दोघांत नाही रंगत.’ एकाच खेळाचे नियम दिवसातून सात-सात वेळा, तेवढ्याच उत्साहाने समजावून सांगायचे. नऊ वाजता शटर अर्ध्यावर येतं, कोपऱ्यावरून चार कटिंग येतात आणि मग आम्ही चौघं डेमोच्या टेबलाभोवती बसतो. गल्ल्यावरचा दादा, माल लावणारी ताई, शनिवार-रविवारी येणारा इंजिनीअरिंगचा पोरगा आणि मी. बसल्यावर सगळ्यात हवीशी वाटते ती शांतता.

आणि गंमत अशी, की मौनाचे खेळ सध्या जगभर जोरात आहेत. तेही साधं ‘गप्प बसा’ नाही. प्रत्येक खेळाने तोंडाला वेगळं कुलूप घातलंय. कुठे आकडा सांगायचा नाही, कुठे स्वतःची पानं बघायची नाहीत, कुठे एकच शब्द उच्चारायचा. कुलूप बदललं की माणसं वेगळी वागायला लागतात, आणि ते बघण्यातच खरी मजा आहे.

दोघं, आठ फासे आणि एक विमान

यंदा आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा उघडलेला डबा ‘स्काय टीम’चा. लुक रेमाँ यांचा २०२३ सालचा खेळ. एक वैमानिक, एक सहवैमानिक, बस्स. तिसऱ्याला जागाच नाही. जर्मनीत १९७९पासून ‘श्पील देस यारेस’, म्हणजे ‘वर्षाचा खेळ’ हा मानाचा पुरस्कार दिला जातो. खोक्यावर लाल सोंगटीचं चिन्ह दिसलं की समजायचं, हा त्या पंगतीतला. २०२४ साली तो ‘स्काय टीम’ला मिळाला. फक्त दोघांसाठीच बनवलेल्या खेळाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

दोघांनी समोरासमोर बसायचं, प्रत्येकाकडे चार फासे, मध्ये छोटे आडपडदे. फासे टाकण्याआधी काय बोलायचं ते बोलून घ्या. ‘या वेळी मी इंजिन बघतो, तू रेडिओ बघ.’ पण फासे पडले, की अळीमिळी गुपचिळी. मग एकेक फासा आळीपाळीने कॉकपिटमध्ये ठेवत जायचं. विमानाचा तोल सांभाळायला दोघांनाही एकेक फासा द्यावा लागतो, आणि दोन फाशांतला फरक जेवढा, तेवढं विमान मोठ्या आकड्याच्या बाजूला कलतं. मी ५ ठेवला आणि समोरून १ आला, तर कपाळाला हात! तोही आवाज न करता लावायचा.

यातला आमचा सगळ्यांत लाडका नियम कॉफीचा. एक फासा खर्च करून ‘एकाग्रता’ साधली, की कॉफीचा एक पेला मिळतो. तो पेला पुढे कधीही वापरून फाशाचा आकडा एकने वाढवा किंवा कमी करा. जास्तीत जास्त तीन पेले साठवता येतात. कॉफी प्यायली की डोकं चालतं, हे खेळाच्या नियमात लिहिलेलं पाहून आमचा दादा इतका खूश झाला, की आता तो फासे टाकण्याआधी चहाचा घोट घेतल्याशिवाय विमान सोडत नाही.

पहिलं विमान माँट्रियलला उतरवायचं असतं. डाव सात फेऱ्यांचा, वीसेक मिनिटांत निकाल. नवराबायको दुकानात आले की आम्ही हाच मांडून देतो. एरवी ‘तू असं का केलंस’वरून वाद व्हायचा, तिथे दोघं श्वास रोखून एकमेकांच्या बोटांकडे बघत बसतात. परवा एका जोडप्याने विमान उतरवलं आणि काकांनी उठून काकूंशी चक्क हस्तांदोलन केलं.

स्वतःची पानं स्वतःला न दिसणारा खेळ

‘हनाबी’ तसा जुना, २०१०चा. आंत्वान बोझा यांचा. ‘सेव्हन वंडर्स’वालेही तेच. हनाबी म्हणजे जपानी भाषेत आतषबाजी, शब्दाची फोड केली तर ‘फुलं’ आणि ‘आग’. खोकं तळहाताएवढं, पानं फक्त ५०. पाच रंग, १ ते ५ आकडे, प्रत्येक रंगाचे १ ते ५ क्रमाने लावायचे. सगळं जमलं तर २५ गुण.

कुलूप मात्र जबरी आहे. पानं उलटी धरायची. तोंड दुसऱ्यांकडे, पाठ आपल्याकडे. माझ्या हातात काय आहे ते माझ्याखेरीज साऱ्यांना दिसतं! दुसऱ्याला सूचना द्यायची तर तीही मोजूनमापून. ‘तुझी ही दोन पानं लाल’ किंवा ‘ही तीन पानं एक्क्याची’, इतकंच. अशा सूचनांच्या चकत्या आठच. संपल्या की एखादं पान टाकून देऊन चकती परत मिळवायची. आणि प्रत्येक रंगाचा ५ एकेकच असतो. तो चुकून फेकला की त्या रंगाचा विषय संपला.

इथे आमच्या डेमोच्या डब्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. पांढऱ्या पाचच्या पानाचा एक कोपरा दुमडला होता, नखाएवढाच. दुसऱ्या कुठल्याही खेळात कुणी लक्ष दिलं नसतं. पण इथे आपल्याला फक्त पाठच दिसते ना! आठवड्याभरात आम्हा चौघांनाही ते पान पाठीवरून ओळखू यायला लागलं, आणि चौघंही ते ओळखतोय हे एकमेकांपासून लपवत होतो. शेवटी ताईने एका रात्री बसून पन्नासच्या पन्नास पानांना प्लास्टिकची कव्हरं चढवली. तेव्हापासून आमचे गुण खाली आलेत, पण झोप चांगली लागते.

हा एवढासा डबा संशोधकांच्याही टेबलावर जाऊन बसलाय. १९९७ साली संगणकाने बुद्धिबळातल्या जगज्जेत्याला हरवलं, २०१६ साली ‘गो’ या खेळातल्या दिग्गज ली सेडॉलला हरवलं. मग २०१९ साली डीपमाइंड आणि गूगल ब्रेनच्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेपुढचं नवं आव्हान म्हणून कोणता खेळ मांडला? हनाबी! कारण इथे नुसती चाल शोधून भागत नाही. ‘समोरच्याने नेमकं आत्ताच, नेमकं हेच का सांगितलं?’ हे ओळखावं लागतं. सासू ‘मीठ जरा कमीच लागतं का गं?’ म्हणाली तर सुनेने काय समजायचं, त्यातला हा प्रकार.

‘गो’चं नाव निघालंच आहे तर हेही. या खेळाला चिनी भाषेत एक जुनं नाव आहे, त्याचा अर्थ ‘हातांनी केलेली बातचीत’. १९ बाय १९ रेघांचा पट, काळे-पांढरे खडे, आणि दोघांमधला सगळा संवाद बोटांतून. म्हणजे आम्ही नऊनंतर जे करतो, त्याला शेकडो वर्षांपूर्वीच नाव ठेवून झालेलं आहे.

मेंढीकोट, पण अंतराळात

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला ‘द क्रू’ शिकवायला दोन मिनिटं पुरतात. आमचा अनुभव आहे. रंगाला रंग, नसेल तर हुकूम, मोठ्याने हात करायचा. सगळं तेच. थॉमस झिंग यांचा २०१९चा खेळ. चार रंगांची १ ते ९ पानं आणि चार रॉकेट, मिळून ४०. रॉकेट म्हणजे कायमचा हुकूम. २०२० साली याने सराईत खेळाडूंसाठीचा जर्मन पुरस्कार पटकावला.

फरक एवढाच, की सगळे एकाच बाजूला. ‘गुलाबी ७ दादानेच जिंकला पाहिजे, हिरवा ३ ताईनेच’ अशी कामं वाटून घ्यायची आणि पानं दाखवल्याशिवाय ती पार पाडायची. एका मोहिमेत प्रत्येकी एकदाच बोलता येतं, तेही मुक्याने. एक पान समोर उघडं ठेवून त्यावर चकती ठेवायची. चकती वरच्या टोकाला असेल तर ‘या रंगातलं माझं सर्वांत मोठं’, खालच्या टोकाला असेल तर ‘सर्वांत लहान’, मध्ये असेल तर ‘एवढं एकच’. मोहिमा ५०. एकीत तर एक अंतराळवीर आजारी असतो आणि त्याने एकही हात करायचा नसतो. बाकीच्यांनी त्याला जपायचं. ही मोहीम मला फार आवडते.

हे सगळे अंतराळवीर निघालेत नवव्या ग्रहाच्या शोधात. तीही हवेतली कल्पना नव्हे. २०१६च्या जानेवारीत कॅल्टेकच्या कॉन्स्टँटिन बाटीगिन आणि माइक ब्राऊन या खगोलशास्त्रज्ञांनी नेपच्यूनच्या पलीकडे असा एक मोठा ग्रह असावा, असं गणित मांडलं. प्रत्यक्षात तो अजून कुणाला दिसलेला नाही. आमच्या टेबलावर दोनदा सापडलाय.

आता मेंढीकोटच्या खाणाखुणा. डोळा मारला की बदाम, कान खाजवला की इस्पिक! गावाकडे सुट्टीत हे ज्याने केलं नाही, त्याने हात वर करावा. पण हे जागतिक पातळीवरही घडलंय बरं का. १९७५ सालच्या बर्म्युडा बोल या ब्रिजच्या जागतिक स्पर्धेत भिडूंना एकमेकांचे चेहरे दिसू नयेत म्हणून पहिल्यांदाच टेबलावर आडवे पडदे लावले होते. तर इटलीच्या एका जोडीतला खेळाडू टेबलाखालून भिडूच्या पायावर पाय टेकवताना आढळला. जोडीला सक्त ताकीद मिळाली आणि आयोजकांनी काय केलं, तर खेळाच्या टेबलांखाली छोटी टेबलं आणून सरकवली, पाय पोचूच नयेत म्हणून! हा किस्सा मी गिऱ्हाइकांना सांगते, तेव्हा निम्मे जण आधी टेबलाखाली वाकून बघतात.

एक शब्द, मराठीत

‘कोडनेम्स’ म्हणजे व्लाडा ख्वातिल या झेक अवलियाचा २०१५चा खेळ. पाच बाय पाच असे २५ शब्द मांडायचे. कोणते शब्द आपल्या संघाचे, हे फक्त म्होरक्याला ठाऊक. त्याने एक शब्द आणि एक आकडा बोलायचा. ‘पाणी, ३’ म्हणजे पाण्याशी नातं सांगणारे तीन शब्द शोधा. पंचविसातला एक शब्द मारेकरी. त्यावर बोट पडलं की डाव तिथेच खलास. शब्द बोलून झाल्यावर म्होरक्याने चेहरा दगडासारखा ठेवायचा, हेच सगळ्यांत अवघड.

हा खेळ आम्ही इंग्रजी पत्त्यांवर खेळत होतो, चांगला चालला होता. मग एका पावसाळी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा ताईने जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या कोऱ्या बाजूंवर मराठी शब्द लिहायला घेतले. त्या दिवसापासून इंग्रजी पत्ते खोक्यातच आहेत! आपल्या भाषेत एकेका शब्दाला किती दारं आहेत बघा. ‘पान’ घ्या. झाडाचं, वहीचं, विड्याचं, पत्त्यांतलं, आणि पंगतीत वाढलेलंही. ‘अंक’ घ्या. आकडा, नाटकाचा भाग, मासिकाचा अंक आणि आईची मांडी. ‘सर’ म्हणजे पावसाची, मोत्यांची, आणि वर्गातले सर. ‘वर’ म्हणजे नवरा, देवाने दिलेला वर आणि माळ्यावरचं वर. ‘दिवाळी, ३’ म्हटल्यावर पोराने फराळ आणि किल्ल्याबरोबर पटकन ‘अंक’वर बोट ठेवलं, तेव्हा मला त्याच्या घरच्यांचं फार कौतुक वाटलं.

आणि हा परवाचा डाव. दादा म्होरक्या. म्हणाला, ‘लग्न, ३’. त्याच्या डोक्यात होते वर, हार आणि पान. मी वर उचलला, हार उचलला. तिसरा कोणता? पानाकडे माझं लक्षच गेलं नाही. माझी नजर गेली ‘नाव’वर. लग्नात नाव घेतातच की, उखाण्यात! मी आत्मविश्वासाने बोट ठेवलं. नाव हाच मारेकरी. दादाचा चेहरा दगडाचा तसाच राहिला, फक्त कान लाल झाले. तो बिचारा ‘नाव’ म्हणजे होडी धरून चालला होता. उखाणा त्याच्या मनातही आला नव्हता.

याचंच चुलत भावंड ‘जस्ट वन’. २०१९च्या जर्मन पुरस्काराचा मानकरी. ज्याच्यावर राज्य आहे, त्याने शब्द ओळखायचा; बाकीच्यांनी गुपचूप एकेक इशारा लिहायचा. पण दोघांचा इशारा सारखा निघाला की दोन्ही बाद. आमचा शब्द होता सिंहगड, लिहिणारे पाच जण. दोघांनी ‘तानाजी’ लिहिलं, बाद. दोघांनी ‘भजी’ लिहिलं, बाद. राज्य असलेल्या ताईसमोर उरली एकटी ‘घोरपड’. तिने क्षणात सांगितलं, ‘सिंहगड!’ तेव्हा एक लक्षात ठेवा. सगळ्यांना सुचेल ते लिहू नका, आणि कुणालाच कळणार नाही असंही लिहू नका.

नेमकं हेच तत्त्व ‘डिक्सिट’चं. एका चित्रावर एक वाक्य सांगायचं. सगळ्यांनी ओळखलं तरी सांगणाऱ्याला शून्य, कुणीच नाही ओळखलं तरी शून्य. जाँ-लुई रुबिरा या खेळाचे कर्ते, पेशाने मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ. लॅटिनमध्ये ‘डिक्सिट’ म्हणजे ‘तो म्हणाला’. आमच्याकडे दर रविवारी हा हमखास खेळला जातो, पण त्यात बोलणं होतं, त्यामुळे रात्रीच्या मंडळात त्याला प्रवेश नाही.

लाल सोंगटीची ठकठक आणि बाँबच्या तारा

लहान मुलं बरोबर असली तर ‘मॅजिक मेझ’. चार सोंगट्या सगळ्यांच्या सामाईक, पण मी फक्त उत्तरेकडे सरकवू शकते, तू फक्त पूर्वेकडे. तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ, आणि बोलायचं नाही. मग एखादा ढिम्म बसला असेल तर काय करायचं? एक मोठी लाल सोंगटी असते, ती त्याच्यासमोर ठकठक आपटायची! घड्याळ उलटं केलं की थोडा वेळ बोलायची मुभा, आपल्या टाइमप्लीजसारखी. दुकानाच्या काचेबाहेरून बघणाऱ्यांना वाटतं, इथे मूक आंदोलन चाललंय.

आणि सध्याचा ताजा नाद, ‘बाँब बस्टर्स’. जपानच्या हिसाशी हायाशी यांचा, २०२५चा ‘वर्षाचा खेळ’. प्रत्येकापुढे तारा चढत्या क्रमाने उभ्या, निळ्या तारा १ ते १२, प्रत्येक आकड्याच्या चार. आपल्याकडे ९ असेल तर दुसऱ्याच्या तारेकडे बोट दाखवून म्हणायचं, ‘हा ९.’ बरोबर आलं तर दोन्ही तारा कापल्या. चुकलं तर बाँबचा काटा एक घर पुढे. लाल तार कापली तर धडाम. मोहिमा ६६ आहेत, आणि काही सामान सीलबंद छोट्या खोक्यांत ठेवलेलं आहे. त्यांत काय आहे ते सांगणार नाही. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने फार आग्रह केला, तरी सांगितलं नाही.

आणि शेवटी नुसते आकडे

इतकं सगळं आवडत असूनही रात्रीचा शेवटचा डाव ‘द माइंड’चाच होतो. ऑस्ट्रियाच्या वोल्फगांग वार्श यांचा २०१८चा खेळ. त्या एकाच वर्षी त्यांच्या तीन खेळांना जर्मन पुरस्काराचं नामांकन होतं, त्यातला हा एक. पानं १ ते १००. पहिल्या पातळीला प्रत्येकी एक पान, दुसऱ्या पातळीला दोन, अशी चौघांत आठव्या पातळीपर्यंत चढाई. सगळ्यांनी मिळून पानं चढत्या क्रमाने टाकायची. पाळी नाही. बोलणं नाही. खाणाखुणा नाहीत. कुणाकडे लहान पान राहून गेलं की एक जीव गेला.

यात सांगायला उरतो फक्त वेळ. माझ्याकडे १२ असेल तर मी लगेच टाकते, ६० असेल तर थांबते. किती थांबायचं, तेवढीच काय ती भाषा. ‘याला खेळ तरी म्हणायचं का?’ असा वाद खेळांच्या जाणकारांत तेव्हा रंगला होता. वाद घालणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे नऊनंतर यावं.

गेल्या शनिवारी आम्ही सातव्या पातळीवर होतो, एकच जीव शिल्लक. टेबलावर ७९ उघडा. बाहेर पाऊस. तेवढ्यात शटरवर टकटक झाली. ‘आहे का कुणी? उनोचा एक पॅक हवा होता.’

कुणी हललं नाही. ताईने ८४ ठेवला. ते पान टेकतंय न टेकतंय, तोच पोराने ८५ ठेवला. पुन्हा टकटक. आता माझ्या हातात एक पान आणि दादाच्या हातात एक. माझ्याकडे ९७. दादा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. त्याचा अंगठा पानाच्या कडेवर आला, थांबला. मी हात मांडीवर ठेवला. छतावरून पागोळ्या गळत होत्या, चहा केव्हाचा गार झाला होता.

दादाने पान ठेवलं. ९६.

मी ९७ टाकला आणि उनोचा पॅक घेऊन शटरकडे धावले. काका छत्री मिटून अजून तिथेच उभे होते.